'अगं' म्हटल्यावर थांबणारी गाडी

बाबांची गाडी ब्रेकच्या परीक्षेत पास झाली.

असं काही झालेलं नाही. ते वाक्य रांग मोडून पुढे घुसलं होतं, त्याला मागे जाऊन उभं राहायला सांगितलं आहे. सध्या गाडी गॅरेजमध्ये चार लाकडी ठोकळ्यांवर आहे, ब्रेक बघायला काढलेली चाकं भिंतीला टेकून उभी आहेत, बाबा स्टुलावर बसून वाहन कचेरीचं पत्र पाचव्यांदा वाचताहेत, आणि पुढे काय होणार हे आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नाही.

पत्रात लिहिलं होतं की घरगुती बनावटीच्या वाहनांनी येत्या चौदा तारखेला तपासणीसाठी हजर राहावं. ताशी पन्नासच्या वेगाने यावं आणि पांढऱ्या पट्टीपासून अठरा मीटरच्या आत एकट्या चालकाने वाहन थांबवावं. संधी तीन. न थांबल्यास नंबर कायमचा रद्द, आणि वाहन मोडीत.

"अठरा मीटर," बाबा म्हणाले. "अठरा मीटरमध्ये मी पायीसुद्धा थांबत नाही."

पण त्यांचं बोट अठरावर नव्हतं. ते 'एकट्या' या शब्दावर होतं, आणि तिथून हलत नव्हतं.

बाबा लिफ्टमेकॅनिक. अडतीस वर्षं त्यांनी अनोळखी माणसांना ज्याच्या त्याच्या मजल्यावर, उंबऱ्याला उंबरा लावून थांबवलं. थांबवण्याचं सगळं कसब तिकडेच खर्ची पडलं असावं. कारण घरी त्यांनी जी स्पोर्ट्स कार बनवली ती सुटायची झोकात, आणि थांबायची तिच्या मनात आलं तर.

ती बनायला नऊ वर्षं लागली. दोघांपुरती, उघडी, बुटकी, लांब नाकाची. पत्रा मोडीत निघालेल्या लिफ्टच्या दारांचा, ठोकून ठोकून गोल केलेला. डॅशबोर्डवर 'सहा व्यक्ती, चारशे आठ किलो' ही पाटी तशीच राहिली, कारण तिचे स्क्रू बाबांना फार आवडले होते. हॉर्नच्या जागी लिफ्टची घंटा. समोर ट्रक आला की आम्ही 'टिंग' करायचो. ट्रक बाजूला व्हायचा नाही, पण त्याचा ड्रायव्हर कितवा मजला आला म्हणून बघितल्यासारखा वर बघायचा.

इंजिन बाबांनी तीनदा बदललं, दर वेळी आधीपेक्षा मोठं. ब्रेक एकदाही नाही. ते पहिल्यापासून पावाच्या डिलिव्हरी व्हॅनचे, जुन्या पद्धतीचे, ड्रमचे. पावाला तेवढे पुरतात. पाव कुठे आपटला तरी घरी येऊन सांगत नाही.

आणि हॅन्डब्रेक. गाडीचा सांगाडा ज्या गाडीतून घेतला तिचं स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला होतं. बाबांनी स्टिअरिंग इकडे आणलं, पेडल इकडे आणली आणि हॅन्डब्रेकचा दांडा इकडे आणायला विसरले. विसरले हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. "ते काम दुसऱ्या टप्प्यात होतं," म्हणायचे. दुसरा टप्पा आला नाही. त्यामुळे दांडा राहिला शेजारच्या सीटच्या पलीकडे, दाराला लागून, जिथे चालवणाऱ्याचा हात उभ्या जन्मात पोचणार नाही.

आईचा पोचायचा.

म्हणजे आमची गाडी दोन माणसं मिळून थांबवायची. बाबा पेडल दाबायचे आणि ओरडायचे, "अगं!" आई दांडा ओढायची. साधं 'अगं' म्हणजे वळण आलं. 'अगंऽऽ' म्हणजे सिग्नल. 'अगं अगं अगं' म्हणजे वॉशरला धर.

वॉशर म्हणजे मी. दोन वस्तूंच्या मध्ये चपटी होऊन बसते ती वॉशर, आणि माझी जागा होती दोन सीटच्या मध्ये, गिअरबॉक्सच्या कोमट उंचवट्यावर, उशी टाकून. हे नाव इतकं घट्ट बसलं की शाळेत हजेरीला खरं नाव पुकारलं की मी इकडेतिकडे बघायचे.

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. कानावर आवाज पडला की हात चाललाच पाहिजे, ही तिची वीस वर्षांची सवय. त्यामुळे 'अगं'तला 'गं' हवेतच असायचा आणि दांडा वर आलेला असायचा. तरीही आम्ही अंतर दुकानांत मोजायचो. शिंप्याच्या दुकानापाशी 'अगं' म्हटलं तर चष्मेवाल्यापाशी थांबायचो. गाडी भरात असली तर चष्मेवाल्याच्या पुढे सायकलवाल्यापर्यंत. शिंपी, चष्मेवाला आणि सायकलवाला तिघंही आम्हाला हात करायचे. आम्ही तिघांसमोरून बराच वेळ जात असायचो.

थांबल्यावर भांडण ठरलेलं.

"बघ, थांबली की नाही?"

"मी ओढला म्हणून थांबली."

"मी दाबला म्हणून थांबली. तुझा नुसता हातभार."

"मग पुढच्या वेळी नुसताच दाबा. मी बसते हात बांधून."

"नको," बाबा घाईघाईने म्हणायचे. "हातभार चालू ठेव."

कालव्याकाठच्या रस्त्यावर, रविवारी सकाळी, आईचा रुमाल फडफडायचा आणि त्याचं टोक माझ्या तोंडात जायचं. त्याला साबणाचा आणि पेट्रोलचा एकत्र वास असायचा. पुढे मी कितीतरी गाड्यांत बसले, ज्या आपापल्या थांबतात. त्यांत बसून कुठेतरी पोचता येतं, एवढंच.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. दुपारी, दवाखान्यात. बाबा डबा विसळायला गेले होते.

त्यानंतर गाडी रस्त्यावर गेली नाही. दर रविवारी बाबा ती सुरू करायचे, पहिल्या गिअरमध्ये फाटकापर्यंत न्यायचे आणि फाटकाला बांधलेल्या जुन्या टायरला टेकवून थांबवायचे. मग ढकलत मागे. लोक फिरायला जातात, बाबा टेकायला जायचे. मला वाटायचं हळूहळू सवय सुटेल. पण पत्र आलं त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि मी ओळखलं, गाडी मोडीत गेली तर बाबा फाटकापर्यंतसुद्धा जाणार नाहीत.

मामाला फोन मीच केला. मामा आईचा धाकटा भाऊ, मोडीचा व्यापारी. तिसऱ्या दिवशी तो पोतं घेऊन हजर.

"भाऊजी, काम झालं. डिस्कचे ब्रेक. अगदी नवे म्हणा."

"कुठल्या गाडीचे?"

"चांगल्या घरची गाडी होती."

"कुठली?"

"वापर फार सांभाळून केलेला."

"अरे, पण कुठली?"

मामाने पोत्याची गाठ सोडायला गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला. "शववाहिनी."

बाबांनी पोत्याकडे नेलेला हात मागे घेतला.

"तेवीस वर्षांत एकदा जोरात दाबलेले नाहीत," मामा म्हणाला. "आतल्याला घाई नाही, मागून येणाऱ्यांना तर मुळीच नाही. असे ब्रेक शोधून सापडायचे नाहीत, भाऊजी."

बाबांनी एक डिस्क उचलली, उजेडात धरली, नखाने तिची कड तपासली. खोट काढायला जागा नव्हती. लिफ्टवाल्या माणसाला चांगला ब्रेक आवडत नाही असं होत नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण तिकडचा दांडा हलवायचा नाही."

"अहो, 'एकट्या चालकाने' असं लिहिलंय. हॅन्डब्रेक तुमच्या हाताशी नको?"

"नवा दांडा मधे बसव. त्याला तार जोड. जुना तिथेच राहू दे."

"मग जुना कशाला जोडू?"

"कशालाच नको."

मामाने माझ्याकडे पाहिलं, आणि सतरा नंबरचा पाना मागितला. पाना त्याच्या हातातच होता. मी तो त्याच्या उजव्या हातातून घेऊन डाव्या हातात दिला, तो "थँक्यू" म्हणाला, आणि काम सुरू झालं.

तीन रविवार लागले. पुढचे ड्रम काढताना एक तर इतका गंजून बसला होता की मामाने त्याला आधी हातोडीने, मग तेलाने आणि शेवटी शिव्यांनी सैल केलं. ड्रमच्या जागी डिस्क आली, डिस्कला दोन बाजूंनी चिमटीत धरणारा कॅलिपर आला, आणि चाक चढवलं तर कॅलिपर चाकाला घासतोय का, हा प्रश्न आला. बाबा डोळा बारीक करून म्हणाले, "नाही." मामा म्हणाला, "घासतोय." इथे माझा उपयोग झाला. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. मी लॅबमधलं गुलाबी मेण आणलं, कॅलिपरवर गोळी चिकटवली, चाक चढवून एकदा फिरवलं, उतरवलं आणि दबलेलं मेण मोजलं. दीड मिलिमीटर.

"दोन पाहिजे," बाबा म्हणाले.

"तोंडात असतं तर दीडात चाललं असतं," मी म्हटलं.

"तोंड ताशी पन्नासने जात नाही."

"तुमच्या लेकीचं जातं," मामा म्हणाला, आणि अर्ध्या मिलिमीटरची चकती लेथवर काढून आणायला गेला.

शेवटचं काम ब्रेकमधली हवा काढण्याचं. नळीत तेलाबरोबर हवेचा बुडबुडा राहिला तर पेडल दाबावं आणि ते उशीत गेल्यासारखं जावं, अशी गत होते. त्यासाठी एकाने वर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली आडवं होऊन नट सैल करायचा. पूर्वी वर आई असायची. आता मी बसले. बाबा गाडीखाली, त्यांचे फक्त पाय दिसत होते, एका मोज्याला भोक.

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव."

"ठेवलंय."

"सोड."

असं बारा-पंधरा वेळा. बाटलीत बुडबुडे येत होते, कमी होत होते. मग खालून आवाज आला, "अगं, सोड आता."

मी सोडलं नाही. बाबा मला कधी 'अगं' म्हणत नाहीत, म्हणून नक्की कोणाला सांगितलंय ते मला कळेना. मोज्याच्या भोकातला अंगठा हलला नाही.

"वॉशर," बाबा म्हणाले. "सोड."

मी सोडलं. पेडल दगडासारखं घट्ट झालं होतं. हवा नव्हती.

नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून गाडी थोडी पळवून पुन्हापुन्हा थांबवावी लागते. गोदामांमागच्या रिकाम्या रस्त्यावर बाबांनी ती वीसेक वेळा थांबवली. शेजारी मामा. मी पदपथावर बसून मोजत होते. गाडी अशी थांबत होती की मामाची टोपी दर वेळी बॉनेटवर.

"अगं!"

टोपी.

"अगं!"

टोपी.

"भाऊजी," मामा उतरून टोपी उचलत म्हणाला, "ब्रेक फक्कड झालेत. फक्त मला अगं म्हणू नका. चारचौघांत मला मिशा आहेत."

आम्ही हसलो. बाबाही हसले. यात काही अडचण असेल हे आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, आणि आमच्यासारखी चूक करायला आमचंच घर पाहिजे.

चौदा तारखेला आम्ही कचेरीच्या मागच्या मैदानात गेलो. डांबरावर पांढरी पट्टी, अठरा मीटरवर दोन शंकू. तपासनिसांच्या मानेला पट्टा होता, डॉक्टर देतात तसला. ब्रेक तपासणाऱ्याच्या मानेला पट्टा पाहून मला त्यांच्या अनुभवाची खात्री पटली.

त्यांनी गाडीला एक फेरी मारली. 'सहा व्यक्ती' वाचलं. वाकता येत नसल्यामुळे तिरके होत ते शेजारच्या सीटवर बसले. "चला," म्हणाले. "पट्टीवर चाक आलं की दाबायचं."

गाडी आली. पन्नासला आली. पट्टी आली.

"अगंऽऽ!"

त्या 'अगं'त चोवीस वर्षांचा सराव होता. तो ऐकून कोणीही काहीतरी ओढलं असतं. तपासनिसांनी दोन्ही हातांनी दाराजवळचा दांडा ओढला. गाडी अकरा मीटरवर खिळली.

"थांबली!" मामा ओरडला.

"मी थांबवली," तपासनीस म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा होता, दांडा अजून हातात होता. "मी ओढला म्हणून थांबली."

"साहेब, तो दांडा कशालाच जोडलेला नाही," मी धावत जाऊन सांगितलं. "तो नुसताच आहे."

"मला जाणवलं ना. मी ओढला आणि थांबली. दोघांनी थांबवली. नियम एकट्याचा आहे. ही संधी बाद."

मला वाटलं बाबा भांडतील. ते तपासनिसांकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी तीन वर्षांत न पाहिलेलं काहीतरी होतं.

"ती पण हेच म्हणायची," बाबा म्हणाले.

"कोण?"

"काही नाही. तुमचा नुसता हातभार होता, साहेब."

"या वेळी ओरडायचं नाही," तपासनीस म्हणाले. "गप्प बसून थांबवा."

दुसऱ्या फेरीला बाबा ओठ मिटून आले. पट्टीवर चाक आलं. पट्टी मागे गेली. शंकू आले. शंकू मागे गेले. मग कुठे ब्रेक लागला. बत्तीस मीटर.

मी पोचले तेव्हा बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून पेडलकडे बघत होते.

"काय झालं, बाबा?"

"दाबायचं हे मला कळत होतं गं," ते म्हणाले. "पण पायाला सांगणार कसं? ते म्हटल्याशिवाय पाय हलतच नाही."

तपासनिसांनी कागदावर बत्तीस लिहिलं. एक संधी उरली. मामाने टोपी काढून हातात घेतली, आणि हे मला अजिबात आवडलं नाही, कारण शववाहिनीच्या ब्रेकांसमोर टोपी काढणं बरं दिसत नाही.

"साहेब," मी म्हटलं, "चालकाने थांबताना बोलू नये असं नियमात आहे का?"

"बोलू नये म्हणजे?"

"म्हणजे तोंडाने."

त्यांनी पुस्तिका काढली. मान वळत नसल्यामुळे ती डोळ्यांसमोर उभी धरून शेवटच्या पानापर्यंत वाचली. "वाहनातून थुंकू नये, असं आहे," म्हणाले. "बोलण्याबद्दल काही नाही. बोलू देत. पण मी आत बसणार नाही. त्यांनी तसं म्हटलं की माझा हात जातो."

"मग शेजारी कोण बसणार?"

"कोणीच नाही. मी पट्टीवर उभा राहून बघतो. एकटा चालक म्हणजे एकटा चालक."

बाबा गाडी लांब घेऊन गेले आणि वळवली. उघड्या गाडीत ते एकटे फार छोटे दिसत होते, आणि शेजारची सीट मोठी. गाडी आली. इंजिनचा तो आवाज मी कालव्याकाठी उशीवर बसून ऐकत असे, खालून, हाडांतून. आता समोरून ऐकत होते. मी मामाचा हात धरला. तो तेलकट होता.

पट्टीवर चाक आलं.

बाबा ओरडले नाहीत. शेजारी बसलेल्या माणसाला सांगावं तेवढ्याच आवाजात म्हणाले, "अगं."

तेरा मीटर.

मामा टोपी डोक्यावर घालत म्हणाला, "ताईने ओढला." मी म्हटलं, "बाबांनी दाबला." आम्ही दोघं वाद घालत गाडीपर्यंत गेलो, आणि बाबांनी दोघांचं ऐकून घेतलं, पण निकाल दिला नाही. तपासनिसांनी दाखल्यावर शिक्का मारला. 'थांबण्याची पद्धत' या रकान्यासमोर ते बराच वेळ पेन धरून उभे राहिले. मग 'समाधानकारक' असं लिहून निघून गेले.

आता गाडी रोज रस्त्यावर असते. रविवारी कालव्याकाठी, बाकीच्या दिवशी कुठेही. कधीकधी मी शेजारी बसते आणि हात बांधून घेते. एक बारीकशी अडचण मात्र राहिली आहे, आणि त्यासाठी मी कालच अर्ज दिला. त्याची प्रत खाली जोडते.

प्रति, वाहतूक सिग्नल विभाग.

विषय : पिवळ्या दिव्याची मुदत वाढवण्याबाबत.

महोदय, आमच्या वडिलांची गाडी तपासणीत उत्तीर्ण असून तिचे ब्रेक उत्तम आहेत. तथापि वडील प्रत्येक वेळी थांबण्यापूर्वी एक शब्द उच्चारतात. अर्जदाराने घड्याळ लावून मोजले असता सदर शब्दास पाऊण सेकंद लागतो. तो कमी करता येत नाही. घाईत म्हटल्यास तो त्यांना पुन्हा म्हणावा लागतो. सबब शहरातील सर्व चौकांतील पिवळा दिवा, चोवीस तास, सर्व दिशांना, पाऊण सेकंद जास्त चालू ठेवण्यात यावा, आणि या वाढीव वेळेत इतर वाहनचालकांनाही ज्याला जी हाक मारायची असेल ती मारू द्यावी, ही विनंती.